बेस गिटारची खडखड: शोधायची कशी, थांबवायची कशी

बेसवर एखादा ठरावीक स्वर वाजवला की कुठून तरी खडखड येते. एक फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) पुढे गेलं की गायब, मागे आलं की पुन्हा हजर. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी ॲलन कीकडे जातो. सॅडल (बॉडीकडच्या टोकाला तार जिच्यावर टेकते ती छोटी बैठक) जरा वर घेतलं जातं, ट्रस रॉडला (मानेच्या आतल्या, तिचा बाक ठरवणाऱ्या सळईला) एक फेरा दिला जातो, आणि तासाभराने ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, बिघडलेली, इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर अचूक लागणं, सरकलेलं, खडखड मात्र जिथल्या तिथे. खरं तर बहुतेक वेळा इलाज अगदी छोटा असतो. कुठला तरी स्क्रू पाव फेरा आवळायचा, कुठल्या तरी स्प्रिंगमध्ये फोमचा तुकडा सरकवायचा, झालं. वेळ जातो तो शोधण्यात. नीट शोधलं तर ज्या भागांचा काही दोष नाही त्यांना हात लागत नाही, म्हणून या लेखात पाना हातात घेण्याआधीचा भाग मोठा आहे.

खडखड येते कशी

चार तारांच्या बेसवर मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झवर कंप पावते, ए ५५, डी ७३.४ आणि जी ९८ हर्ट्झवर. पाच तारांच्या बेसची जाड बी तर ३०.९ हर्ट्झवर. नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) सॅडलपर्यंत साधारण ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर लांबीची जाड तार एवढ्या रुंद झोक्याने हलते तेव्हा मान, हेडस्टॉक (मानेच्या टोकाचा, खुंट्यांचा भाग), बॉडी सगळ्यांना हलवते. त्या लाकडावर बसलेल्या प्रत्येक सैल वस्तूची, मग तो स्क्रू असो, स्प्रिंग असो की वॉशर, स्वतःची एक कंपनसंख्या असते. तारेचा मूळ स्वर किंवा त्यातला एखादा उपस्वर (मूळ स्वराबरोबर निघणारा वरचा स्वर) त्या संख्येशी जुळला की ती वस्तू थरथरायला लागते. हा झाला पहिला प्रकार.

दुसऱ्या प्रकारात तार स्वतःच कशाला तरी घासते किंवा आपटते. पुढच्या फ्रेटला, नटच्या खाचेला, सॅडलला, क्वचित पिकअपला (तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या चुंबकी भागाला). यालाच आपण बझ म्हणतो.

दोन्ही प्रकार कानाला सारखे वाटू शकतात, पण त्यांचे इलाज पूर्ण वेगळे आहेत. त्यामुळे आपली खडखड कोणत्या प्रकारातली, हा प्रश्न सुटेपर्यंत काहीही फिरवू नका.

खोली आणि ॲम्प आधी वगळा

खालचे स्वर खोलीतल्या वस्तूंनाही सोडत नाहीत. जवळ ड्रम सेट असेल तर स्नेअरच्या तळाच्या तारा सगळ्यात आधी वाजतात. खिडकीची काच, कपाटाची कडी, दिव्याची पट्टी, ॲम्पवर ठेवलेली किल्ली, हे सगळे संशयित. ज्या आवाजाच्या पातळीवर खडखड येते त्याच पातळीवर त्याच ॲम्पमधून फोनवरचं एखादं खोल बेसचं रेकॉर्डिंग वाजवा आणि बेस दुसऱ्या खोलीत ठेवा. तरीही खडखड आली तर बेस निर्दोष आहे. मग कॅबिनेटची जाळी, हँडल, मागच्या पाटीचे स्क्रू एकेक करून तळहाताने दाबून पाहा. स्पीकरचा कोन फाटला असेल किंवा आतली कॉइल घासत असेल तर आवाज घरघरतो, आणि तो मोठ्या आवाजात वाढत जातो. ते काम स्पीकर दुरुस्त करणाऱ्याचं.

स्वतःकडेही एकदा बघा. शर्टाचं बटण, पट्ट्याचं बक्कल, मनगटातलं कडं, स्ट्रॅपची धातूची कडी, यातलं काहीही बॉडीला टेकून बोलू शकतं. स्ट्रॅप काढून, बसून वाजवलं की हे लगेच कळतं.

प्लग काढून ऐका, मग हेडफोनवर ऐका

शांत खोलीत, केबल न जोडता वाजवा. मग तेच हेडफोनवर किंवा थेट रेकॉर्ड करून ऐका. चुंबकीय पिकअपला फक्त त्याच्यावरची लोखंडी तार हलताना कळते. सैल नॉबची किणकिण त्याला ऐकू येत नाही. म्हणून खडखड केबलशिवाय स्पष्ट येत असेल आणि हेडफोनवर अजिबात येत नसेल, तर एकतर एखादा भाग सैल आहे किंवा तार फ्रेटला अगदी हलकी घासते आहे. दोन्हीकडे येत असेल तर तारेच्या हालचालीतच काही तरी आडवं येतंय. मेण सुटलेला जुना पिकअप मात्र कधी कधी बॉडीवरची टकटकही उचलतो. बोटाने पिकअपच्या कव्हरवर टिचकी मारल्यावर ॲम्पमधून ठणठणीत आवाज आला तर हा अपवाद लक्षात ठेवा.

इथे एक मत मांडतो. खालच्या ॲक्शनवर वाजवणाऱ्याच्या बेसमध्ये थोडी घासणूक असतेच, आणि ती ॲम्पमध्ये पोचत नसेल तर तिच्या मागे लागून हाताला सोयीची ॲक्शन घालवू नये. सैल भागाची खडखड मात्र ॲम्पमध्ये येत नसली तरी काढा. आज सैल असलेला स्क्रू पुढे पडतो, आणि सैल जॅक पुढे वायर तोडतो.

जागा की सूर?

या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. खडखड तारेवरच्या जागेशी बांधलेली आहे, की सुराशी?

बेसवर एकच सूर अनेक ठिकाणी मिळतो. मोकळी ए आणि ई तारेचा ५वा फ्रेट, दोन्ही ५५ हर्ट्झ. ई तारेचा ८वा फ्रेट आणि ए तारेचा ३रा, दोन्ही सी. मोकळी डी, ए तारेचा ५वा आणि ई तारेचा १०वा फ्रेट, तिन्ही एकच. समजा खडखड ए तारेच्या ३ऱ्या फ्रेटवर येते. आता ई तारेच्या ८व्यावर तोच सी तितक्याच जोराने वाजवा. तिथेही खडखडलं तर ती सुराची खडखड, म्हणजे वाद्यावर कुठे तरी काही सैल आहे. तिथे स्वच्छ वाजलं तर ती जागेची खडखड. मग फ्रेट, मान, नट किंवा तीच एक तार तपासायची.

अडचण येते ती ई तारेच्या पहिल्या चार फ्रेटांवर. तिथले सूर चार तारांच्या बेसवर दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. समजा ३ऱ्या फ्रेटचा जी खडखडतोय. तेव्हा ई तार अर्धा सूर खाली उतरवा. आता तोच जी ४थ्या फ्रेटवर आला. खडखड त्याच्याबरोबर ४थ्यावर गेली तर ती सुराची, ३ऱ्यावरच राहिली तर जागेची. सैल तार थोडी जास्त घासते हे खरं, पण या चाचणीत आवाज कमी झाला की जास्त याकडे पाहायचं नाही. तो कुठे गेला, एवढंच पाहायचं.

आणखी एक खूण. सैल स्प्रिंग किंवा स्क्रू बऱ्याचदा मूळ स्वराऐवजी त्याच्या उपस्वरावर बोलतो. ई तारेच्या ३ऱ्या फ्रेटच्या जीला थरथरणारी वस्तू मोकळ्या जी तारेलाही थरथरू शकते, कारण तो नेमका वरच्या सप्तकातला जी. म्हणून संशयित सूर एक सप्तक वर आणि खाली वाजवून पाहा. तिथेही उत्तर आलं तर सैल भागाबद्दल शंका उरत नाही.

सुराची खडखड: हाताने शोधा

आता स्वर चालू ठेवायचा आणि एकेक भाग बोटाने दाबत जायचं. ज्या भागावर बोट ठेवताच आवाज थांबला तोच चोर. सूर मोकळ्या तारेवर मिळत असेल तर सोपं आहे, डावा हात रिकामाच असतो. नसेल तर त्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, किंवा कोणाला तरी वाजवायला सांगा. मला सगळ्यात आवडणारी पद्धत वेगळी आहे. तारांवर टॉवेल गुंडाळून त्या गप्प करा, बेस मांडीवर घेऊन ॲम्पसमोर बसा आणि फोनवरच्या टोन जनरेटरचा आवाज ॲम्पमधून सोडा. ४० हर्ट्झपासून २०० हर्ट्झपर्यंत अगदी हळू वर जा. नेमक्या कंपनसंख्येला वाद्य आपोआप खडखडायला लागतं, तिथे थांबायचं. दोन्ही हात मोकळे, आणि आवाज हवा तेवढा वेळ चालू. फक्त बेसची केबल काढलेली असू द्या.

आवाज कुठल्या टोकाकडून येतोय हे कळत नसेल तर हातभर लांब प्लॅस्टिकच्या नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं हेडस्टॉकपासून ब्रिजपर्यंत (सॅडल बसवलेली बॉडीवरची धातूची पाटी) फिरवा. कान फसतात, कारण आवाज लाकडातून प्रवास करतो. हेडस्टॉकवरची किणकिण ब्रिजमधून आल्यासारखी वाटणं अगदी नेहमीचं.

हेडस्टॉकवर सुरुवात करा. ट्यूनरचा (तार सुरात लावायच्या खुंटीचा) दांडा ज्या गोल कड्यातून बाहेर येतो ते कडं नखाने हलवून पाहा. ते फिरत किंवा वर उचललं जात असेल तर सैल झालंय. आटे असलेलं कडं पान्याने हलकं आवळता येतं. दाबून बसवलेलं कडं सैल असेल तर तार काढून, कड्याला बाहेरून पातळ टेपचा एक वेढा देऊन पुन्हा दाबून बसवा. मग मागचे छोटे स्क्रू, कानाचा स्क्रू, आणि तारेची कापलेली शेपटी. दांड्यातून बाहेर डोकावणारी शेपटी शेजारच्या धातूला टेकून खडखडते. डी आणि जी तारा दाबून धरणारी गोल चकती किंवा पट्टी असेल तर तिचा स्क्रू पाहा.

मग ब्रिज. माझ्या मते सगळ्यात जास्त खडखडी इथेच जन्मतात. प्रत्येक सॅडलला उंचीसाठी दोन बारीक स्क्रू असतात आणि दोघांनीही खालच्या पाटीवर पाय टेकलेले असायला हवेत. तारेच्या दाबाने सॅडल एका पायावर उभं राहतं आणि दुसरा पाय अधांतरी लटकतो. हे डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतं. तार लावलेली असतानाच ॲलन की एकेका स्क्रूमध्ये घालून अगदी हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. टेकलेला स्क्रू विरोध करतो, लटकलेला लोण्यात फिरल्यासारखा फिरतो. तसा सापडला की तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत पहिला विरोध जाणवेपर्यंत आणा आणि तिथून किंचित पुढे. सॅडल तिरकं झालं नाही ना, एवढं बघा.

सॅडलच्या मागे इंटोनेशनचा लांब स्क्रू आणि त्यावर स्प्रिंग. सॅडल पुढे, मानेच्या दिशेने आलेलं असेल तर स्प्रिंग दाबाविना सैल लोंबते आणि थरथरते. ती काढून थोडी ताणून परत घाला, किंवा तिच्या वेटोळ्यांत फोमची बारीक पट्टी सरकवा. काही ब्रिजवर सॅडलवरून मागे उतरणारी तार याच स्क्रूच्या डोक्याला किंवा स्प्रिंगला टेकते. तार आणि स्क्रूमधून कागदाचा कपटा सरकवून पाहा, अडकला तर तार टेकलेली आहे. इंटोनेशन बिघडू न देता सॅडल थोडं वर घेता आलं तर तेवढ्यावर भागतं, नाही तर त्या स्क्रूऐवजी छोट्या डोक्याचा स्क्रू लावावा. तारेचं गोळीचं टोक ब्रिजच्या खाचेत पूर्ण बसलंय ना, आणि ब्रिजची पाटी बॉडीला घट्ट आहे ना, हेही याच वेळी.

पिकअप बहुधा स्प्रिंगवर किंवा फोमवर उभे असतात. वर्षांनुवर्षांनी तो फोम चुरा होतो आणि पिकअप मोकळा डोलतो. अंगठ्याने दाबून सोडल्यावर तो स्वतःहून वर येत नसेल तर खाली नवा, दाट फोम घाला.

नॉब आणि जॅकच्या बाबतीत एक काळजी घ्या. नॉब टोकापर्यंत गेल्यावरही अजून थोडा फिरत असेल तर आतला अख्खा पॉट (नॉब ज्याच्या दांड्यावर बसतो तो विजेचा भाग) फिरतोय, आणि त्याच्याबरोबर वायरींना पीळ बसतोय. जॅकचंही तसंच. नुसता बाहेरून पाना लावून आवळलं तर आतला भागही सोबत फिरतो आणि झाळण तुटते. म्हणून मागचं झाकण किंवा कंट्रोल प्लेट उघडा, आतला भाग दोन बोटांत घट्ट धरा आणि मगच बाहेरची चाकी आवळा. दातेरी वॉशर असेल तर तो परत लावायला विसरू नका, सैल पडणं तोच रोखतो. प्लेट उघडलीच आहे तर मोकळ्या वायरींना टेपने एकत्र बांधा. ॲक्टिव्ह बेस (ज्याच्या आत बॅटरीवर चालणारं सर्किट असतं तो) असेल तर बॅटरीभोवती फोम गुंडाळा. बॅटरीचा डबा खडखडणं इतकं सामान्य आहे की ॲक्टिव्ह बेसवर मी तिथेच सुरुवात करीन.

पिकगार्ड (बॉडीवरचा प्लॅस्टिकचा पातळ पत्रा) दोन स्क्रूंच्या मधल्या भागात थोडा फुगलेला असतो. तळहात पसरून दाबा. आवाज थांबला तर त्या ठिकाणी खालून फोमच्या टेपची पट्टी लावा. स्क्रू आणखी आवळत बसू नका, त्याने प्लॅस्टिकला तडा जातो. स्ट्रॅपची बटणं आणि स्ट्रॅप लॉकही तपासा, त्यांच्या आतली गोळी आणि स्प्रिंग हमखास बोलतात.

सगळं दाबून झालं आणि तरी आवाज मानेच्या पोटातून येतोय असं वाटलं, तर ट्रस रॉड. मानेच्या मागे बोटाच्या पेराने टकटक करा. आत काही तरी लाकडाला आपटल्याचा बोद आवाज आला तर रॉड पूर्ण सैल आहे. दोन्ही दिशांनी काम करणाऱ्या रॉडला मध्ये एक मोकळी जागा असते, तिथे तो कुठल्याच बाजूला ताण देत नाही आणि खडखडतो. हलका विरोध जाणवेल इतपतच आवळा. मग मानेचा बाक पुन्हा मोजा, कसा ते पुढे येतं.

जागेची खडखड: मान, फ्रेट आणि नट

आधी तारा. खूप जुन्या किंवा पीळ पडलेल्या तारेला कुठल्याच सेटिंगने सुधारता येत नाही. एकाच तारेवर सगळीकडे, मोकळीवरही, खरखर असेल तर ती तार बदलून पाहा. नवी तार कापण्याआधी जिथे कापायची त्याच्या अलीकडे काटकोनात मोडून घ्यावी, नाही तर वरची वेटोळी सुटतात आणि तार पहिल्या दिवसापासून मेल्यासारखी वाजते. तारांची जाडी बदलली असेल तर तेही आठवा. पातळ तारांचा ताण कमी, त्यामुळे मान मागे सरकते आणि बझ येतो. यात वाद्य बिघडलेलं नसतं, त्याला नव्या तारांप्रमाणे सेटिंग हवं असतं.

मग खडखड मानेवर कुठे आहे ते पाहा. फक्त मोकळ्या तारेवर असेल तर नट. पहिल्या चार-पाच फ्रेटांवर असेल तर बहुधा मान गरजेपेक्षा सरळ किंवा मागे वाकलेली. ७व्या-८व्यापासून पुढे सगळीकडे असेल तर ॲक्शन खाली किंवा मानेला बाक जास्त. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच, किंवा तो स्वतः झिजून खड्ड्यात गेलेला. आणि एक फसवा प्रकार. तार दाबल्यावर बोट आणि नट यांच्यामधला मागचा भागही कंप पावतो, आणि मान फार सरळ असेल तर तोच मागच्या फ्रेटांना घासतो. दाबलेल्या बोटाच्या मागे दुसरं बोट तारेवर नुसतं टेकवा. आवाज थांबला तर दोष मागे आहे, आणि पुढचे फ्रेट तपासण्यात वेळ घालवायचा नाही.

बाक मोजायचा तो सुरात लावलेल्या तारांवर आणि वाजवताना जसं धरतो तसं वाद्य धरून. ई तार १ल्या फ्रेटवर कॅपोने आणि मान बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर बोटाने दाबा. आता ती तारच सरळ पट्टी झाली. ७व्या-८व्या फ्रेटपाशी तारेची खालची बाजू आणि फ्रेटचा माथा यात फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं मापक) घाला. ०.३ मिलिमीटरच्या आसपास असेल तर बहुतेक बेसना मानवतं. तार फ्रेटला टेकलेलीच असेल तर बाक द्यायला हवा, म्हणजे ट्रस रॉड घड्याळाच्या उलट दिशेने सैल करायचा. अंतर अर्धा मिलिमीटर किंवा जास्त असेल तर घड्याळाच्या दिशेने आवळायचा.

ट्रस रॉडला घाई चालत नाही. बरोबर मापाचीच की घ्या, चुकीच्या मापाने आतले कोन गोल झाले तर दुरुस्ती महागात पडते. एका वेळी आठवा भाग, फार तर पाव फेरा. आवळायचा असेल तर आधी तारा थोड्या उतरवा. मग पुन्हा सुरात आणून मोजा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी परत मोजा, कारण लाकूड हळूहळू स्थिरावतं. की फिरत नसेल तर जोर लावू नका, तिथेच थांबा.

बाक ठीक झाल्यावरच ॲक्शनला हात लावायचा, उलट क्रम ठेवला तर दोन्ही कामं दुप्पट होतात. १७व्या फ्रेटवर, तार न दाबता, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत मोजा. सर्वसाधारण मान असेल तर ई बाजूला सुमारे २.४ आणि जी बाजूला सुमारे २ मिलिमीटर ही चांगली सुरुवात. जोरात वाजवणाऱ्यांना अजून थोडं वर लागेल. सॅडलचे दोन्ही स्क्रू सारखे, अर्धा-अर्धा फेरा. उंची बदलली की इंटोनेशन पुन्हा तपासा.

ॲक्शन वाढवण्याआधी आपला हात पाहा. तार बॉडीच्या दिशेने दाबून सोडली तर ती वर-खाली हलते आणि फ्रेटांवर आपटते. बॉडीला समांतर ओढली तर तेवढ्याच जोरात स्वच्छ वाजते. डाव्या हाताचं बोट फ्रेटच्या अगदी मागे हवं, दोन फ्रेटांच्या मधोमध दाबलं की चांगला बेसही बझ करतो.

नटसाठी तार २ऱ्या आणि ३ऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि १ल्या फ्रेटवर बघा. तिथे केसाएवढी तरी फट हवी. तारेवर टिचकी मारली की ती किंचित खाली जाऊन टक असा आवाज यायला हवा. अजिबात हलत नसेल तर खाच जास्त खोल गेली आहे. पण फट असूनही मोकळी तार झणझणत असेल तर खाचेचा आकार पाहा. तंबोऱ्याच्या घोडीवर तार सपाट माथ्याला घासत जाते म्हणून जवारी निघते, आणि नटची खाच सपाट किंवा फ्रेटबोर्डाकडे उतरती झाली की बेसवर नेमकं तेच घडतं. खाचेचा सगळ्यात उंच बिंदू फ्रेटबोर्डाच्या बाजूच्या कडेवर हवा आणि तिथून ती हेडस्टॉककडे उतरत जायला हवी. तारेच्या जाडीच्याच गोल कानशीने दोन-तीन हलके हात मारून हा उतार देता येतो. पुढच्या कडेला मात्र कानस लागू देऊ नका, तिथे एकदा खोली वाढली की परत येत नाही. खोल गेलेली खाच हाडाच्या भुकटीत पातळ सुपरग्लूचा थेंब टाकून भरतात आणि पुन्हा कोरतात. ती तात्पुरती मलमपट्टी, कायमचा उपाय नवा नट.

चारही ट्यूनर एका ओळीत असलेल्या बेसवर ए तारेकडे खास लक्ष द्या. डी आणि जी तारांना दाबायला चकती असते, ए तारेला नसते. तिचे वेढे दांड्यावर वरच्या वर राहिले तर ती नटवरून जवळजवळ सपाट जाते आणि झणझणते. पुढच्या वेळी तार लावताना दोन-तीन वेढे खालच्या खाली घ्या. त्याआधी खात्री करायची असेल तर नट आणि ट्यूनरच्या मध्ये तार बोटाने खाली दाबून वाजवा. स्वच्छ वाजली तर कारण सापडलं.

उंच फ्रेट शोधायला सरळ स्टीलची पट्टी तीन फ्रेटांवर एकदम टेकवा आणि दोन्ही टोकं आळीपाळीने दाबा. पट्टी डुगडुगली तर मधला फ्रेट उंच. ३४ इंची बेसवर १ल्या ते ३ऱ्या फ्रेटमधलं अंतर सुमारे ८९ मिलिमीटर असतं, म्हणून सुरुवातीच्या फ्रेटांना लांब पट्टी लागते, वर जाताना छोटी. उंच फ्रेट सापडला की तो घासायला घेऊ नका. लाकडाच्या काडीने त्याचं टोक दाबून धरा आणि कोणाला तरी वाजवायला सांगा. बझ थांबला तर फ्रेट उचलला गेलाय, आणि खाली बसवून चिकटवला की काम होतं. घासलं असतं तर चांगला फ्रेट वाया गेला असता.

पिकअप तारेच्या फार जवळ असेल तर वरच्या फ्रेटांवर सूर डुगडुगतो, विशेषतः ई तारेवर. चुंबक तारेला ओढतो. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यात दोन-तीन मिलिमीटर राहतील असं पिकअप खाली घ्या.

पुन्हा सैल पडू नये म्हणून

सॅडलचे उंचीचे स्क्रू आपोआप फिरत असतील तर सगळी सेटिंग झाल्यावर आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब पुरतो. थ्रेडलॉकर (स्क्रूचे आटे सैल होऊ न देणारा द्रव) वापरायचा तर निळा, मध्यम ताकदीचा घ्या, लाल नको, तो नंतर सहजी निघत नाही. लाकडात जाणाऱ्या स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर सुतारकामाचा गोंद लावलेल्या दोन-तीन टूथपिक भोकात बसवा, जादा भाग कापा, रात्रभर वाळू द्या आणि मग स्क्रू हाताने आवळा. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर तोच सूर, त्याच जोराने वाजवा.

फ्रेट घासून समतल करणं, हट्टी ट्रस रॉड आणि नवा नट कोरणं ही कामं तंत्रज्ञाकडे द्या. देताना नुसतं "बझ येतो" असं सांगू नका. कोणती तार, कोणता फ्रेट, तोच सूर दुसऱ्या जागी येतो की नाही, केबलशिवाय येतो की हेडफोनवरही, बाक किती मोजला, तारा कोणत्या जाडीच्या आणि कधी लावल्या, एवढं कागदावर लिहून केसमध्ये ठेवा. वाद्य त्याच तारांसह आणि तुमच्या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये द्या, कारण सैल तारांवर त्याला तुमची खडखड ऐकूच येणार नाही.